मामाजींचं ‘झालं’

आमच्या घरात मामाजींसमोर आजवर कोणी पादलं नव्हतं. मामाजी स्वतःही कोणासमोर पादले नव्हते. लग्न होऊन भद्रावतीला आले तेव्हा काही महिन्यांतच माझी अशी समजूत झाली की या कुटुंबाला निसर्गानं ती सोयच दिलेली नाही. माझं माहेर सिरोंच्याचं. तिथं माझे बाबा रात्रीचं जेवण झालं की अंगणात खाट टाकायचे, आणि मग जे काही व्हायचं ते शेजारच्या अंगणात ऐकू जायचं. शेजारचे काका तिकडून तेलुगूत विचारायचे, आज भाजी कशाची होती? बाबा भाजी सांगायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. ते माजरीच्या कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते. सरदार म्हटलं की फेटा-तलवार डोळ्यांसमोर येते, पण हे काम म्हणजे शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जमिनीखाली जायचं, हातातल्या काठीनं डोक्यावरचं छत ठोकत जायचं आणि आवाज ऐकून सांगायचं की इथं माणसं पाठवायची की नाही. पक्कं छत टणक वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. त्यांनी ‘थांबा’ म्हटलं की तिथं कोणी पाऊल टाकायचं नाही. रिटायर झाले तरी ठोकायची सवय गेली नाही. घराची भिंत, पाण्याची टाकी, बाजारातला नारळ, सगळं ठोकून पाहायचे. टरबूज तर त्यांनी ठोकल्याशिवाय घरात यायचंच नाही. ते ठोकून आणलेलं टरबूज निम्म्या वेळा आतून पांढरं निघायचं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण घरात ते बोलायची कोणाची छाती नव्हती.

माणूस जुन्या वळणाचा होता असंही नाही. मी आले त्याच दिवशी त्यांनी माझा डोक्यावरचा पदर काढायला लावला. विहारातल्या कार्यक्रमात स्त्री-पुरुष समानतेवर बोलायला उभे राहिले की अर्धा तास खाली बसायचे नाहीत. पण स्वयंपाकघराच्या दारात यायच्या आधी ओसरीतूनच मोठ्यानं खाकरायचे. म्हणजे सुनेनं सावरून बसावं. मी ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत असायचे, सावरायचं काय ते मला कधी कळलं नाही. आमच्या दोघांमध्ये ते खाकरणं हाच काय तो दरवाजा होता, आणि मामाजी तो कायम लावून ठेवायचे.

या लाजेपायीच आजार वाढला. शौचाला रक्त जात होतं, ते त्यांनी किती महिने लपवलं देव जाणे, म्हणजे तेच जाणे. मुलाला सांगितलं ते मूळव्याध म्हणून. शेवटी वजन उतरलं, पँट दोरीनं बांधायची वेळ आली, तेव्हा आम्ही त्यांना चंद्रपूरला नेलं. तिथं दुर्बीण घालून पाहिलं आणि गुदाशयाचा कॅन्सर निघाला. गाठ वरच्या अंगाला होती, ऑपरेशन करून काढता येईल म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून चिठ्ठीच्या पाठीमागं एक नळी काढली. गाठीचा तुकडा कापायचा आणि दोन टोकं एकमेकांना जोडायची. सगळं नीट झालं तर शौचासाठी पोटावर पिशवी लावायची गरज नाही. मग त्यांनी पेनानं त्या जोडावर गोल केला.

"पहिला आठवडा हा जोड सांभाळायचा. गळला तर पोटात विष पसरतं. लवकर कळलं तर आम्ही निभावतो. उशिरा कळलं तर माणूस हातचा जातो."

"गळनार का नाई ते आधी समजत नाई का जी?" मामाजींनी विचारलं. धोका आधी ओळखणं, हे त्यांचंच खातं होतं.

डॉक्टरांनाही हा प्रश्न आवडला असावा. ते म्हणाले, अंदाज बांधता येतो. वय, पुरुष असणं, रक्तातलं प्रोटीन कमी असणं, तंबाखू, अशा एकेका गोष्टीचे मार्क धरतात.

"तंबाखू खाता का?"

"तंबाखू नाई जी," मामाजी ठामपणे म्हणाले. "खर्रा खातो."

चंद्रपुरातले डॉक्टर यावर हसत नाहीत, त्यांना दिवसातून दहादा हेच ऐकावं लागत असणार. खर्ऱ्यात सुपारी असते, चुना असतो, आणि तंबाखू तर असतेच असते, पण आमच्याकडच्या माणसाला तिची वेगळी नोंद घ्यावीशी वाटत नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, "यांचे मार्क जास्त आहेत." मामाजी शाळेत कधी पास-नापासच्या काठावरून वर गेले नव्हते. जन्मात एकदा मार्क जास्त पडले ते नेमके या परीक्षेत.

खर्रा बंद झाला, प्रोटीनची पावडर सुरू झाली, आणि यथावकाश ऑपरेशन पार पडलं. चांगलं झालं, पिशवी लावावी लागली नाही. आता त्या आठवड्याकडं डोळे लावून बसायचं होतं. नवरा भद्रावतीच्या फॅक्टरीत, त्याची रजा ऑपरेशनच्या दिवसांपुरतीच होती, सासूबाई गुडघ्यांनी घरी. म्हणून वॉर्डात मामाजींजवळ राहायला मी. तिथल्या ज्युनिअर डॉक्टर मॅडमनी मला समजावून सांगितलं की ऑपरेशननंतर आतडी झोपलेली असतात. ती जागी झाली की वारा सरतो. तो सरला की तोंडानं चहापाणी सुरू करायचं. सरला नाही, पोट फुगलं, नाडी धावायला लागली, तर जोडाकडं संशयानं बघायचं. एवढा मोठा कॅन्सर, एवढी यंत्रं, लाखमोलाची औषधं, आणि सगळे मिळून वाट कशाची बघतायत तर एका पादाची! मला हसू आवरेना. मॅडमना वाटलं मी रडतेय, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वॉर्डात या गोष्टीला केवढा मान होता म्हणता! बाजूच्या खाटेवर गडचिरोलीकडचा एक धानवाला म्हातारा होता, त्याचंही आतड्याचंच ऑपरेशन झालेलं. एक दिवस दुपारी त्यानं वॉर्डाला दणका दिला आणि वर हात जोडून सगळ्यांना सांगितलं, "झालं बाप्पा, सुटलो!" त्याच्या बायकोनं कौतुकानं त्याची उशी सारखी केली. समोरच्या खाटेवरच्यानं त्याचं अभिनंदन केलं. संध्याकाळी त्याला चहा मिळाला, आणि तो त्यानं असा फुरके मारत प्याला की आख्खा वॉर्ड जळला.

मामाजींनी मात्र भिंतीकडं तोंड केलं होतं. एवढी निर्लज्ज माणसं त्यांनी खाणीतसुद्धा पाहिली नसावीत.

सकाळी राउंड यायची वेळ झाली की मामाजी म्हणायचे, "सूनबाई, पान्याची बाटली भरून आन." पहिल्या दिवशी मी निमूट गेले. दुसऱ्या दिवशी बाटली भरलेलीच होती. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "ते पानी शिळं झालं." त्यांना तर अजून घोटभर पाणीही प्यायची परवानगी नव्हती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मॅडम तो प्रश्न विचारणार, आणि त्या प्रश्नाच्या वेळी सून खाटेजवळ नको. मी नळावर जाऊन बाटली उपडी करायची, पुन्हा भरायची, आणि राउंड पुढं सरकली की परत यायचं. सकाळच्या त्या वेळी नळापाशी आणखीही दोन-तीन सुना असायच्या. सगळ्यांच्या बाटल्या भरलेल्या.

मग एका सकाळी मी नळावरून आले तर मामाजींच्या खाटेपाशी चहा आला होता.

"मामाजी, चहा?"

"मॅडमनं द्या म्हटलं," ते म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

मला आधी आनंद झाला. मग विचार आला, हे झालं कधी? मी या माणसाच्या उशापासून हलले नव्हते. जेवायला आणि नळावर गेले तेवढंच काय ते. आणि माझे कान सिरोंच्याचे आहेत. मी धानवाल्याच्या बायकोला हळूच बाजूला घेतलं.

"बाई, आमच्याकडून काही आवाज-बिवाज?"

"नाई वं माय," ती म्हणाली. "आमचा बुडा रातंदिस कान लावून हाय. तो म्हने, सरदार अजून कोराच हाय. मंग मॅडमले झालं कसं सांगतलं?"

म्हणजे मॅडमनं विचारलं होतं आणि मामाजींनी झालं म्हणून सांगून टाकलं होतं. चहासाठी नव्हे. चहा कपात तसाच थंड झाला. नाही म्हटलं तर मॅडम पुढं आणखी विचारणार, जोर लावला का, दाबून ठेवता का. हो म्हटलं की एका शब्दात विषय संपतो. खाणीत कोणी काही विचारलं आणि मामाजींना खात्री नसली तर ते कधीच ‘ठीक आहे’ म्हणाले नसते. इथं ते लाजेनं म्हणून बसले.

मी नवऱ्याला फोन लावला. "तुमच्या बाबांना विचारा, खरंच सरला का."

"मी?" तो एवढ्या जोरात ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बाबांले मी असं विचारू? तूच विचार."

"मी सून आहे!"

"मी पोरगा हाय!"

शेवटी आमच्यात असं ठरलं की कोणीच विचारायचं नाही आणि बाबांवर विश्वास ठेवायचा. फोन ठेवला आणि मला त्या घराण्याचा मनापासून राग आला.

दुपारी मामाजींना वाटलं माझा डोळा लागलाय. मी स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसले होते, पापण्या किलकिल्या होत्या. त्यांनी चादर खाली केली, डावा हात पोटावर ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटांनी ठोकलं. थोडं सरकून पुन्हा ठोकलं. मान कलती करून ऐकलं. भिंत ठोकताना, टरबूज ठोकताना ही मान मी शंभरदा पाहिली होती आणि मनातल्या मनात शंभरदा हसले होते. आज पोट ढोलासारखं पोकळ वाजत होतं, मलाही ऐकू आलं. त्यांनी हात काढून घेतला, चादर वर ओढली आणि वर पंख्याकडं बघत राहिले. कपाळावर घाम होता.

मी भ्याले. मला हसूबिसू काही आलं नाही. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना थांबा म्हणत आला, आणि आज स्वतःच्या पोटाचं छत सुटत असताना गप्प पडून होता. मी जाग आल्यासारखं करून विचारलं, "मामाजी, दुखते का?"

"काई नाई. तू जेवली का?"

"नर्सबाईंना बोलावू?"

"कायले? उगाच गोंधळ नको करू."

मी तरी नर्सबाईंना बोलावलंच. त्यांनी नाडी पाहिली, थोडी जास्त आहे म्हणाल्या, लिहून घेतली. "गॅस पास झालाय ना यांचा? मग ठीक आहे, संध्याकाळी मोठे डॉक्टर येतायत."

मी तोंड उघडलं. मामाजी माझ्याकडं बघत होते. मी तोंड मिटलं. तो शब्द जिभेवर आला होता, पण त्या डोळ्यांसमोर बाहेर पडेना. मग वाटलं, मोठ्या डॉक्टरांना बाहेर गाठून एकटीनं सांगावं, म्हणजे यांचीही लाज राहील. तसा मी पक्का बेत केला आणि संध्याकाळपर्यंत दाराकडं नजर लावून बसले.

पण मोठे डॉक्टर आले ते दुसऱ्याच दारानं, थेट वॉर्डात, बरोबर मॅडम आणि चार-पाच शिकाऊ पोरंपोरी घेऊन. तेवढ्यात भेटायला माझी नणंद आणि तिचे सासरे आले होते. म्हणजे मामाजींचे व्याही, ज्यांच्यासमोर मामाजी शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडं ठेवत नसत. ते हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभे.

"सूनबाई," मामाजी घाईनं म्हणाले, "पान्याची बाटली..."

मी बाटली उचलली. उभी राहिले. पण पाय हलले नाहीत.

"काय म्हणता सरदार?" डॉक्टर म्हणाले. "गॅस पास होतोय ना?"

"हो जी. झालं. सकाळीच झालं."

"मग चहा का नाही घेतला?"

"मन नाई."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले. त्यांची पाठ माझ्याकडं झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. वारा सरणं, गॅस पास होणं, असे सगळे सभ्य शब्द त्या क्षणी कुठं पळून गेले होते कोण जाणे.

"डॉक्टरसाहेब, मामाजी खोटं बोलून राह्यले! ते पादलेच नाई! कालपासून नाई, आज नाई, एकदाबी नाई!"

नणंदेनं तोंडावर हात घेतला. व्याही मोसंबी मोजू लागले. एका शिकाऊ पोरीनं वही तोंडासमोर धरली, तिचे खांदे हलत होते. बाजूच्या खाटेवरून धानवाला बुवा तेवढा बोलला, "खरं हाय साहेब. मी गवाह हाय."

डॉक्टर मात्र हसले नाहीत. परत फिरले, चादर बाजूला केली, डावा हात पोटावर ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटांनी ठोकलं. थोडं सरकून पुन्हा ठोकलं. नाडी धरली. मॅडमला हळू आवाजात भराभर काही सांगितलं. रक्त तपासायला गेलं, सीटी स्कॅनसाठी ट्रॉली आली. मला म्हणाले, "नाडी कालपासून वाढत होती. गॅस पास झाला असं ऐकून आम्ही आणखी एक दिवस पाहणार होतो. आता नाही पाहणार. जोडाचा संशय आहे."

ट्रॉलीवर घेताना मामाजींनी व्याह्यांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. रागानं लाल झालेले डोळे.

"बाटली भरून आन," ते म्हणाले.

मी गेले. नळ सोडला आणि तिथंच उभी राहून रडले. या माणसाशी माझं जे काही खाकरण्यापुरतं नातं होतं ते मी सगळ्या सोयऱ्यांसमोर मोडून टाकलं होतं. आणि आता ते आतून जिवंत बाहेर येतील की नाही हेही माहीत नव्हतं. शेवटचं बोलणं काय झालं, तर बाटलीचं.

जोड गळायला लागला होता. त्याच रात्री पोट पुन्हा उघडलं, धुतलं आणि पोटावर पिशवी लावली, काही महिन्यांपुरती. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं.

मामाजी घरी आले. माझ्याशी बोलायचे, नाही असं नाही. "भात झाला का", "पंखा लाव", एवढं. त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नाही. आणि घरात आता ती पिशवी होती, जिला कसलीच रीतभात नव्हती. ती जेवताना बोलायची, पाहुण्यांसमोर बोलायची. एकदा विहारात सगळे डोळे मिटून शांत बसले असताना ती सविस्तर बोलली. मामाजींनी त्यावर उपाय काढला, तो म्हणजे खाकरणं. पिशवीनं तोंड उघडलं की मामाजी मोठ्यानं खाकरायचे. पण पिशवी आधी सुरू व्हायची आणि खाकरणं मागाहून पोचायचं, त्यामुळं ज्याला कळलं नसतं त्यालाही कळायचं. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पोट धरून हसायचे. मग आठवायचं की हे ऐकायला मिळतंय हेच केवढं आहे, आणि डोळे पुसून पुन्हा पोळ्या लाटायला घ्यायचे.

काही महिन्यांनी पिशवी काढून आतडं परत आत जोडायचं ठरलं. तेच हॉस्पिटल, तोच वॉर्ड. पुन्हा तीच वाट बघणं. नवऱ्यानं या वेळी रजा काढली होती, तोही खाटेजवळ होता, पण खाटेजवळ असून त्या विषयापासून मात्र तालुकाभर दूर.

एका दुपारी ते झालं. लहानसंच, पण स्पष्ट. मी स्टुलावर होते, मामाजी खाटेवर. मी पंख्याकडं पाहिलं. मामाजींनीही पंख्याकडं पाहिलं. बऱ्याच वेळानं ते खाकरले. मी पदरानं तोंड झाकून बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडची गडबड सुरू झाली. मी सवयीनं बाटली उचलली.

"कुठी चालली?" मामाजी म्हणाले.

"पाणी आणते."

"भरली हाय ते. बस इथीच."

मी बसले. मोठे डॉक्टर आले, त्यांनी आम्हाला ओळखलं, गालातल्या गालात हसू दाबत विचारलं, "काय सरदार, गॅस पास झाला का?"

नवरा एकदम खिडकीतून बाहेर बघायला लागला. मामाजींनी हात उचलून माझ्याकडं दाखवलं.

"तिले विचारा. माह्यावर नका जाऊ."

सगळे माझ्याकडं वळले. आणि एवढी तोंडाळ मी, माझी मान खाली गेली, कान तापले. मी कशीबशी पुटपुटले, "हो. काल दुपारी."

"ऐकू नाई आलं त्यायले," मामाजी म्हणाले. "जोरात सांग, सूनबाई. मांग सांगतलं होतं तसं."

मग मी सांगितलं. तोच शब्द, तेवढ्याच जोरात. वॉर्डात हशा पिकला, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मामाजी पंख्याकडं बघत होते, पण या वेळी ते खाकरले नाहीत.